भातातला केस

माझ्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि त्याच वडिलांनी पुढे कपडे सोडले. हे असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग हसायला नको होतं हे त्याच्या लक्षात येतं आणि तो उगाच चष्मा पुसायला लागतो. खुशाल हसा. शाळेत असताना यावरून मी एका मुलीच्या झिंज्या धरल्या होत्या, आता वयाने जरा निवले आहे. दिगंबर जैन मुनी होणारा माणूस घर सोडतो, पैसा सोडतो, डोक्यावरचे केस स्वतःच्या हाताने उपटून काढतो आणि अंगावरचा शेवटचा धागाही सोडतो. दुसऱ्या कुणी केलं की लोक हात जोडतात. टेलरने केलं की आधी हसतात, मग हात जोडतात.

मी त्यांना आप्पा म्हणायचे. जगासाठी ते आचार्य झाले, खूप मोठे झाले. ते एका गावाहून दुसऱ्या गावी चालत निघाले की मागून ही गर्दी चालायची. त्यांचं प्रवचन ऐकून लोकांनी जन्मभराची भांडणं मिटवली, असं मी ऐकलंय. आमचं भांडण काही मिटलं नाही. माझा राग मी नीट इस्त्री करून, घडी घालून ठेवला होता.

आईचं तसं नव्हतं. दीक्षा घ्यायला घरच्यांची संमती लागते. आप्पांनी ती मागितली तेव्हा आई लगेच हो म्हणाली. मोठी झाल्यावर मी तिला एकदा त्यावरून फैलावर घेतलं.

"नाही म्हटलं असतं तर ते राहिले असते," ती म्हणाली. "कायमचं तोंड पाडून बसलेला माणूस घरात ठेवून मी काय करू?"

"आणि आपलं काय?"

"आपलं झालंच की."

ते कसं झालं, ते मी पाहिलंय. आप्पा होते तोवर आईने मशीनला हात लावला नव्हता. तिला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नसे आणि त्यावरून आप्पा गिऱ्हाइकांसमोर तिची चेष्टा करायचे. ते गेले तेव्हा कपाटात लोकांचं कापड पडून होतं, काही बेतलेलं, काही अर्धवट शिवलेलं. नातेवाईक म्हणाले, परत करून टाक, दुकान भाड्याने दे. आईने परत केलं नाही. ती मशीनसमोर बसली आणि आधी जुन्या चादरींच्या चिंध्यांवर, मग पिशव्यांवर, मग उशांच्या अभ्र्यांवर शिकत गेली. सुरुवातीला एकदा मशीनची सुई तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीतून आरपार गेली. नख दुभंगलं ते दुभंगलंच. पुढे ते कायम दोन फाकांत वाढत राहिलं आणि त्या बोटाचं टोक टोचून टोचून काळं, खरबरीत झालं. मी त्या बोटावर वाढले. दुकान आता मी चालवते, तरी बटणं आणि काजं अजून तीच करते, कारण माझी तिला पसंत पडत नाहीत.

आता मुनींच्या जेवणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुनी दिवसातून एकदाच जेवतात आणि पाणीही तेव्हाच पितात. ताट नाही, वाटी नाही. उभं राहून दोन्ही हातांची ओंजळ करायची, समोरच्याने तीत घास ठेवायचा, मुनींनी तो नीट पाहायचा आणि मग खायचा. घासात केस निघाला, मुंगी निघाली, की ओंजळ उघडते, अन्न खाली पडतं आणि त्या दिवसाचं जेवण तिथेच संपतं. त्याला अंतराय म्हणतात. अंतराय पुष्कळ प्रकारचे आहेत, पण आमच्या घराला नडला तो वेगळाच. दुःखाने डोळ्यांत पाणी आलं, मग ते मुनींच्या असो की समोर उभ्या असलेल्या माणसाच्या, तरीही जेवण थांबतं.

दीक्षेनंतर काही वर्षांनी आप्पांचा संघ जवळच्या एका गावी आला होता. आई तिथे गेली, ओळखीच्यांच्या घरी सोवळ्याने स्वयंपाक केला आणि आप्पा खरंच तिच्या दारात थांबले. तिने पहिला घास उचलला आणि तिला रडू फुटलं. आप्पांनी ओंजळ उघडली. भर उन्हाळ्यात ते पाण्यावाचून परत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा उपवास होता. आई घरी आली ती थेट मशीनवर बसली. पुढे संघ कुठे कुठे आला, लोक तिला न्यायला तयार होते, ती गेली नाही. "माझ्यामुळे एकदा उपाशी राहिले, तेवढं पुरे," म्हणायची. पण मला ठाऊक होतं. एकदा, फक्त एकदा, आप्पांनी तिच्या हातचं पोटभर खावं, एवढी एकच गोष्ट तिला या जन्मात हवी होती. दुसरं तिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

आणि मग इतक्या वर्षांनी आप्पाच आमच्याकडे आले. आमच्यासाठी आले असं मात्र कुणी समजू नये. जायचं होतं पुढच्या गावाला, पण वाटेत पाय राहिले. मंदिराच्या मागच्या सभागृहात संघ उतरला. संघाबरोबर एक ब्रह्मचारी असत, सगळे त्यांना भैयाजी म्हणत. ते पोथ्यांची फाटलेली वेष्टनं शिवून घ्यायला दुकानात आले आणि मी टीप मारत असताना त्यांनीच सगळं सांगितलं.

"गुडघे संपलेत महाराजांचे. भिंतीला धरून उभे राहतात."

"मग बसून जेवा म्हणावं," मी म्हटलं.

भैयाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी वेष्टनाऐवजी त्यांचं उपरणंच मशीनखाली घातलं होतं. "मुनी बसून जेवत नाहीत, ताई. उभं राहता येईल तोवर जेवण. ते थांबलं की अन्न सोडायचं, मग पाणी. महाराजांनी मनाची तयारी केलीय."

याला सल्लेखना म्हणतात. धर्म पाळायला शरीर साथ देईनासं झालं की खाणं कमी करत करत, सगळ्यांची क्षमा मागून, शुद्धीत राहून मरणाला सामोरं जायचं. लोक त्याला महोत्सव म्हणतात. माझ्या जिभेवर तो शब्द काही बसत नाही.

पडद्यामागे स्वयंपाकघरात आई उभी होती. भैयाजी गेल्यावर ती बाहेर आली, कपाटावरचं सूप काढलं आणि तांदूळ निवडायला बसली. "थोडेच दिवस आहेत," एवढंच म्हणाली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही.

त्या दिवसापासून तिने न रडण्याचा सराव सुरू केला. तुम्हाला खोटं वाटेल. आमच्या घरात कांदा येत नाही, नाहीतर सरावाला बरा पडला असता, असं मी म्हटलं तर तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुपारी दुकान जरा रिकामं झालं की ती मला आत बोलवायची.

"उभी राहा. ओंजळ कर."

"मी काय आप्पा आहे?"

"नाक त्यांचंच आहे तुझं. खाली बघ ओंजळीकडे, माझ्याकडे नको."

मग ती दारात उभी राहून मुनींना बोलवताना म्हणतात ते म्हणायची, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु, थांबावं महाराज." आत आल्यावर म्हणायचं ते म्हणायची, "मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, अन्नपाणी शुद्ध." आणि माझ्या ओंजळीत भाताचा घास ठेवायची. पहिल्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या घासालाच तिचे ओठ थरथरायला लागले. मी ओंजळ उघडली आणि भात परातीत टाकला. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "बरोबर केलंस. पुन्हा कर." मीठ नसलेला तो मऊ भात मी इतका खाल्ला की संध्याकाळी जेवायची सोय राहत नसे. पण ती शिकली. मशीन शिकली तशीच हेही शिकली. शेवटी शेवटी तर ती माझ्याकडे बघून घासामागून घास ठेवायची आणि तिचा चेहरा हिशेब करणाऱ्या कारकुनासारखा कोरडा असायचा. रडू मलाच यायचं. मी ते गिळायचे. मी आप्पांवर रागावलेली होते ना, मला रडून कसं चाललं असतं?

सकाळी गल्लीत दारोदारी बायका-पुरुष धुतलेल्या वस्त्रांत हात जोडून उभे राहायचे. मुनी निघताना मनात एक अट धरतात. अमुक रंगाचं दिसलं तर, तमुक वस्तू हातात असली तर त्या दारी थांबायचं, नाहीतर तसंच परत. अट कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे लोक डोकी लढवतात. समोरच्या घरातल्या अध्यक्षीणबाई, म्हणजे मंदिराच्या अध्यक्षांची बायको, रोज काहीतरी नवीन हातात धरायच्या. एक दिवस कलश, एक दिवस पेरू, एक दिवस दोन्ही. आप्पा भैयाजींच्या आधाराने, एकेक पाऊल टाकत त्यांच्यासमोरून निघून जायचे. आमच्यासमोरूनही जायचे. मी शटरच्या आडून पाहायचे. हाडांवर कातडी राहिली होती. एके काळी शर्टाचं माप घेताना गिऱ्हाइकाला हसवून हसवून श्वास सोडायला लावणारा माणूस तो हाच, हे मला स्वतःला समजवावं लागायचं. काही दिवस कुणाकडेच अट जुळली नाही आणि ते उपाशीच परतले.

त्या सकाळी मी आईबरोबर उभी होते. उभी राहणार नाही असं आधी शंभरदा म्हणून झालं होतं. पण दुधाचं भांडं धरायला दुसरं माणूस हवं होतं आणि आईने नुसती माझी धुतलेली साडी दोरीवरून काढून खुर्चीवर ठेवली. तिचं हे नेहमीचंच. आम्ही दारात उभ्या राहिलो. आई "नमोस्तु" म्हणाली. आणि आप्पा थांबले.

कोणती अट जुळली ते मला आजही ठाऊक नाही. लोकांनी नंतर तर्क केले, दोघींच्या साड्या सारख्या होत्या म्हणून, भांडं डाव्या हातात होतं म्हणून. मला एवढंच दिसलं की आईने श्वास घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

आमची खोली ती केवढीशी. पुढे दुकानाचं कापड, मागे स्वयंपाकाची जागा, मध्ये पाट. अध्यक्षीणबाई आणि आणखी दोघंतिघं सोवळ्यात आत आले, बाकीचे दारात दाटले. आईने आप्पांचे पाय धुतले. सराव केल्याप्रमाणे सगळं म्हणाली. मन शुद्ध, वचन शुद्ध. आप्पा भिंतीला पाठ लावून उभे राहिले, पाय थरथरत होते, भैयाजी बाजूला हात पुढे करून तयार. त्यांनी ओंजळ केली.

आधी पाणी घेतलं. मग मी दूध दिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, भांड्याकडे पाहिलं. मग आईने भाताचा घास ठेवला आणि आप्पांनी तो खाल्ला. दुसरा ठेवला, तोही खाल्ला. आईचा चेहरा एकदम कोरडा होता. आप्पा जेवत होते हो! माझा इस्त्रीचा राग बाजूला राहिला आणि मला आतून इतका आनंद झाला की माझं मलाच नवल वाटलं. जेवा, मी मनात म्हणत होते, सगळं संपवा, परत करू.

मुनी जेवताना इकडेतिकडे पाहत नाहीत. ओंजळीकडे पाहतात. वाढणाऱ्याचा चेहराही त्यांना दिसत नाही, दिसतो तो त्याचा हात. मला ओंजळीकडे बघ म्हणताना हे आईच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. इतके दिवस तिने चेहऱ्याची तालीम केली. बोटांचं कुणाच्या लक्षात येणार?

पुढचा घास ठेवताना आईची तर्जनी ओंजळीत क्षणभर थांबली, भाताचं शीत बोटाला चिकटलं होतं म्हणून. आप्पा पाहत होते. दोन फाकांचं नख, काळं टोक, टोचलेल्या खुणांची ती जाळी. बोटातून मशीनची सुई गेली की काय होतं, हे टेलरला सांगावं लागत नाही. आणि त्यांनी सोडली ती बायको तर सुईत दोराही ओवू न शकणारी होती. ते त्या बोटाकडे पाहतच राहिले. आईने हात मागे घेतला तरी पाहत राहिले. मी त्यांच्या अगदी समोर होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून पांढऱ्या खुरट्या दाढीत गेलं आणि तिथून ओंजळीत पडलं.

आप्पांनी ओंजळ उघडली. भात खालच्या परातीत पडला. त्यांनी हात धुतले, भिंत धरून खाली बसले, आणि मग भैयाजींच्या खांद्यावर हात टाकून निघून गेले.

ते दाराबाहेर पडल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. काय झालं, काय झालं? बाजूला उभ्या असलेल्यांना आमच्या दोघींच्या पाठी आणि भैयाजींचा खांदा याखेरीज काही दिसलं नव्हतं. भैयाजीही आप्पांच्या पायांकडेच पाहत होते.

"केस," आई म्हणाली. "भातात केस निघाला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तांदूळ तिने तीनदा निवडला होता. डोक्याला फडकं बांधून, खिडक्या लावून स्वयंपाक केला होता. अध्यक्षीणबाईंनी परातीकडे वाकून पाहिलं, पण भातात आता काय दिसणार होतं. "अहो, वय झालं तुमचं," त्या म्हणाल्या. "निवडायला कुणाला तरी बसवायचं. मला हाक मारायची. आता महाराज राहिले ना उपाशी!"

"चुकलं माझं," आई म्हणाली.

लोक पांगल्यावर मी दार लावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "कुठे होता केस?"

"नव्हता."

"मग कशाला सांगितलंस?"

"आचार्य रडले, असं म्हणू दे का लोकांना? एवढ्या वर्षांची त्यांची तपश्चर्या, आणि शेवटच्या टोकाला बायकोच्या घरी रडले म्हणून बोभाटा व्हायला हवा का?" तिने परात उचलली. "केस निघतो. कुणाच्याही भातात निघतो."

"आणि ते वचन शुद्ध म्हणालीस त्याचं काय?"

"ते जेवणाच्या आधी होतं," आई म्हणाली. मी हसले. ती हसली नाही. ती भांडी घासायला बसली आणि बराच वेळ तेच पातेलं घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना उभं राहता आलं नाही. भिंतीला धरूनही नाही. दुपारी मंदिरात जाहीर झालं की महाराजांनी अन्नाचा आजन्म त्याग केला आहे. म्हणजे आईच्या हातचे ते मोजके घास हे त्यांचं शेवटचं जेवण होतं आणि तेही अर्धवट. आई खुर्चीवर बसून काजं करत होती. तिने ऐकलं, दोरा दाताने तोडला आणि पुढचं काज घेतलं.

मग गावाला तोंड फुटलं. गर्दी वाढली, लांबून लांबून लोक दर्शनाला यायला लागले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जाऊ लागलं की महाराजांचं शेवटचं जेवण केस निघाल्याने मोडलं, आणि तेही कुणाच्या घरी, तर गृहस्थपणीच्या पत्नीच्या. कुणी म्हणे हे पूर्वकर्म. कुणी म्हणे नवऱ्याने सोडल्याचा राग तिच्या मनात असणार, म्हणून लक्ष नव्हतं. संघाच्या स्वयंपाकाला मदत करायला आई गेली तर अध्यक्षीणबाईंनी तिच्या हातातून तांदळाचं सूप हळूच काढून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आराम करा." आई परत आली. तिला कुणी काही म्हटलं तरी ती मान खाली घालून म्हणायची, "हो, चुकलं." मला ते सहन होईना. आयुष्यभर त्या माणसासाठी तिने सगळं पोटात घातलं, आता हेही घालायचं?

"कुणाला सांगशील तर माझी शपथ आहे," ती मला म्हणाली. मी शपथा मानत नाही.

दुपारी सभागृहात जरा शांत असे. मी आत गेले. आप्पा लाकडी फळीवर कुशीला झोपले होते. पाणी अजून घेत होते, तेवढंच. भैयाजींनी मला ओळखलं आणि जरा लांब सरकले. मी वाकले नाही. खाली बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"आईने लोकांना सांगितलंय की भातात केस निघाला. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्यांनी डोळे उघडले. ठाऊक नव्हतं. त्यांच्या कानावर असलं काही कोण घालणार?

"लोक तिला वाट्टेल ते बोलतात. ती ऐकून घेते. तुमचं नाव राहावं म्हणून," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, भैयाजी चुळबुळले. "मी पाहिलंय काय झालं ते. मी समोर होते."

मला वाटलं आता प्रवचनातलं काहीतरी सांगतील, कोण कुणाची बायको आणि कोण कुणाची मुलगी. मी त्याच्यावर काय बोलायचं तेही ठरवून आले होते. त्यांनी विचारलं, "मशीन कुणी शिकवली तिला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर कोण शिकवणार?"

त्यांनी डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाले, "सुई बोटातून गेली तेव्हा डॉक्टरकडे गेली होती?"

"नाही. हळद लावली आणि शर्ट पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता."

माझं ठरवलेलं सगळं भांडण तिथेच राहिलं. मी उठून बाहेर आले आणि चपला उलट्या पायांत घालून घरापर्यंत चालत गेले.

पाणी सोडण्याआधी आचार्य सगळ्यांची क्षमा मागतात. त्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आई येत नव्हती, मी तिला ओढून नेलं. आम्ही बायकांच्या बाजूला मागे, खांबाजवळ बसलो. अध्यक्षीणबाई दोन रांगा पुढे होत्या. आप्पांना उशा लावून बसवलं होतं. आवाज इतका बारीक की भैयाजी कान लावून ऐकायचे आणि मोठ्याने सांगायचे. संघातल्या मुनींची क्षमा मागितली. चालताना पायाखाली आलेल्या जिवांची मागितली. कधी कुणाला कठोर बोललो असेन, म्हणाले, त्याची मागितली. लोक डोळे पुसत हात जोडत होते. मग आप्पा थांबले, आणि पुढचं त्यांनी सांगितलं तेव्हा भैयाजी बोलेनात. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. भैयाजींनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा आप्पांनी स्वतःच मान वर केली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"त्या घरच्या भातात केस नव्हता."

भैयाजींनी मान खाली घातली.

"भात स्वच्छ होता. रडलो मी. त्या बाईचा हात पाहून मला रडू आलं." दम लागला म्हणून ते थांबले. "सगळं मागे टाकलं असं मी तुम्हाला सांगत आलो. टाकलं नव्हतं. तिची क्षमा मागतो. तिच्या स्वयंपाकाला दोष देऊ नका."

अध्यक्षीणबाईंनी मागे वळून पाहिलं आणि लगेच मान पुढे केली. कुणीतरी हुंदका दिला. कुणीतरी नाराजीने पुटपुटलं, हे बोलायची काय गरज होती. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिचं तोंड उजळेल, तिच्यावरचा डाग पुसला गेला होता. तिचं तोंड पडलं होतं. "कशाला सांगितलं," ती म्हणाली. "एवढं एकच मी त्यांच्यासाठी केलं होतं."

आणि मग तिला रडू आलं. पदरात तोंड लपवून रडतात तसं नाही, मोठ्याने. त्या गावी पहिल्या घासाला फुटलं होतं आणि त्यानंतर आजवर कधीच फुटलं नव्हतं, ते सगळं. शेजारच्या बायका तिचे हात धरायला लागल्या, "अहो गप्प, महाराजांसमोर रडायचं नसतं, गप्प व्हा." भैयाजी पुढून हाताने खुणा करत होते. समोर आप्पा तसेच बसले होते. मांडीवर दोन्ही हात एकावर एक, रिकामे. ते तिच्याकडे पाहत होते की नाही, ते मला इतक्या लांबून दिसलं नाही.

मी त्या बायकांचे हात आईच्या अंगावरून काढले आणि म्हटलं, "रडू द्या तिला. आता कुणाचं जेवण थांबणार नाहीये."